तुमचं एक वाक्य माझ्याकडे राहिलं

अण्णा, आज वॉर्डातल्या एका बाईनं मला विचारलं, "तुझा कोन होता गो इथं?" म्हणजे तुझं कुणी कधी या आजारानं आत होतं का, नाहीतर तू कशाला मरायला रोज येतेस. मी म्हटलं, नाही बाई, माझं कुणी नव्हतं. अगदी सरळ तोंडानं म्हटलं. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "खोटी हायस." घरी आले, हातपाय धुतले, आईला चहा दिला आणि आता टेबलावर वही उघडून बसलेय. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण लिहायला बसले तर एकच गोष्ट लिहावी लागणार हे मला ठाऊक होतं. तुम्ही डॉक्टरला सांगण्यासाठी माझ्याकडे एक वाक्य दिलं होतंत. ते मी सांगितलं नाही. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी सांगितलं.

आधी मी हल्ली काय करते ते सांगते. शाळेच्या ऑफिसातली नोकरी सोडली. आता एका छोट्या संस्थेतर्फे हॉस्पिटलच्या मानसिक आजाराच्या वॉर्डात जाते. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, सल्ला देणारी तर मुळीच नाही. सल्ला द्यायची मला सक्त मनाई आहे, आणि मला सल्ला न देता राहायचं म्हणजे काय हाल होत असतील ते तुम्हालाच कळेल. मी हॉस्पिटलची नाही, घरच्यांचीही नाही, फक्त पेशंटची. डॉक्टरांची मीटिंग असली, घरी कधी सोडायचं, कुणाकडे सोडायचं, गोळ्या बदलायच्या का असलं काही ठरणार असलं, की त्याआधी मी पेशंटजवळ जाऊन बसते. त्याला काय हवंय ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहिते, त्याला वाचून दाखवते. तो "हो, हेच" म्हणाला की मग आत त्याच्या शेजारी बसायचं. बोलायचं त्यानं. अडखळला तर आपण थांबायचं. अगदीच जमेना आणि त्यानं खूण केली, तरच वही वाचायची. पदरचा एक शब्द घालायचा नाही. वॉर्डात मला वहीवाली ताई म्हणतात. नवीन सिस्टर आली की मला नातेवाईक समजून बाहेर काढते, मग आमचं जुंपतं. माझा आवाज अजून तसाच आहे.

हे तोंड चालवायचं काम मला लावलं तुम्हीच. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून रेशनच्या ऑफिसात मी बोलायची, विजेच्या ऑफिसात मी बोलायची, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुम्ही मला शेजारी बसवून कोपरानं ढोसायचात, बोल की. साताऱ्याहून येऊन तुर्भ्याच्या मार्केटात पंधरा वर्षं गोण्या वाहिलेला माणूस, पण खिडकीपलीकडच्या क्लार्कसमोर तुमची जीभ टाळूला चिकटायची. काम झालं की बाहेर येऊन म्हणायचात, "आमची वकिलीण हाय ही." मग उसाचा रस. मला वाटायचं, आपल्या घरात सगळ्यांच्या वतीनं बोलायचं ते मीच. कुणी तसं ठरवून दिलं नव्हतं. पण नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

एकदाच म्हटलंत. सुट्टी होती आणि मी तुमचा डबा घेऊन कांद्याच्या मार्केटात आले होते. गाळ्यासमोर कांद्याची टरफलं पायाखाली चुरचुरत होती. तुम्ही वाकून उभे, हातात गोणी ओढायचा लोखंडी आकडा, आणि तुमचे जोडीदार मागून गोणी तुमच्या पाठीवर चढवतायत. तुमच्या हमालांच्या टोळीची एक पद्धत होती, मला ती तेव्हा माहीत नव्हती. गोणी पाठीवर टेकली तरी मागचा माणूस हात काढत नाही. खालचा माणूस पाठ हलवून, पाय फाकवून ओझं बसवून घेतो, आणि मग तो म्हणतो, "सोड." तो म्हणेपर्यंत मागच्यानं धरून ठेवायचं, हात तुटले तरी. मला वाटलं झालं की, आणि भूक लागली असेल तुम्हाला, म्हणून मी ओरडले, "सोडा, सोडा, बसली!" जोडीदारांनी सोडली. गोणी घसरली, तुम्ही एका गुडघ्यावर आलात, कांदे सगळीकडे. तुम्ही मान वळवून बघितलंत, कोण बोललं म्हणून. मी दिसले. तुम्ही आयुष्यात मला कधी बोट लावलं नाहीत, त्या दिवशीही नाही. पण टोळीसमोर म्हणालात, "ज्याच्या पाठीवर गोणी हाय त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी तोंड मिटून हुबं ऱ्हायचं. कळलं का?" मी घरी येईपर्यंत रडत होते. गुडघा तुमचा फुटला होता आणि रडत मी होते.

मग मी बावीस वर्षांची झाले आणि तुम्ही आजारी पडलात. तुम्हाला वाटायला लागलं, टोळीतले लोक तुमच्या गोणीत दगड घालतात, तुम्ही पडावं म्हणून. एके दिवशी भर गल्लीत तुम्ही तीन गोण्या सोडून कांदे ओतलेत आणि दगड शोधत बसलात. मुकादमानं हाताला धरून घरी आणून सोडलं. कोपरखैरण्याच्या आपल्या दोन खोल्यांत तुम्ही दाराकडे तोंड करून बसायचात आणि आईनं ताट पुढे ठेवलं की भात चिवडून बघायचात. आईचं डोकं फिरायचं. तिनं तरी किती सहन करायचं? एकदा ती ओरडली, "माझ्या डोळ्यासमोर नगं ह्यो माणूस!" तुम्ही ऐकलंत की नाही ते मला माहीत नाही. तिला मात्र वाटतं की ऐकलंत. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

पाच आठवडे तुम्ही हॉस्पिटलात होतात. दगड हळूहळू गेले. त्याबरोबर जीभही जड झाली, हात थरथरायला लागले, एक शब्द बाहेर यायला चहा गार व्हायचा. आणि मग डिस्चार्जचा दिवस. डॉक्टरांच्या खोलीबाहेरचं हिरवं बाकडं, तुम्ही मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला आई. काकांचा गावाहून निरोप आलेला, त्यांना इकडे पाठवा, हवापालट होईल. आई म्हणाली, "त्यांनाच इचार बाई. त्ये म्हणतील तसं." आणि ती गोळ्यांच्या खिडकीला रांगेत उभी राहायला गेली. ती गेल्यावर तुम्ही माझं मनगट धरलंत. तुमचे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत. "डॉक्टरला नीट सांग. माझी जीभ वळत न्हाई. म्हणावं, मला कोपरखैरण्यालाच ऱ्हायचंय, हिच्याजवळ. मार्केटात जाईन. गोणी न्हाई झेपली तर टोळीला पाणी पाजीन, झाडून काढीन. पण गावी नगं. गावी गेलो तर मी परत यायचा न्हाई."

मी मान डोलावली. आत गेलो. डॉक्टर चांगले होते हो, त्यांना काय बोल लावू? त्यांनी तुम्हालाच विचारलं, "बोला काका, कुठे राहणार? इथे की गावाला?" तुम्ही तोंड उघडलंत. ओठ हलतायत, हनुवटी हलतेय, शब्द येत नाही. बाहेर रांग. डॉक्टरांनी घड्याळ बघितलंही नव्हतं, अण्णा. ते थांबले असते. मीच थांबले नाही. मी म्हटलं, "अण्णांना गावी जायचंय, डॉक्टर. आत्ता बाहेर मला तसंच म्हणाले." डॉक्टरांनी विचारलं, "बरोबर ना, काका?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. त्या दिवशी मार्केटात मान वळवून बघितलं होतंत ना, कोण बोललं म्हणून, तसं. मग मान खाली घातलीत. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि आपण बाहेर आलो.

का केलं असं, ते तुम्हाला कळलं असणार. येत्या रविवारी मला बघायला नेरूळची माणसं येणार होती. मी मनात तो रविवार कितीदा लावून बघितला होता. चहाचा ट्रे, पोहे, माझी मोरपंखी साडी, आणि कोपऱ्यात तुम्ही, हात थरथरतायत, ओठांच्या कडेला थुंकी जमलीये. ते चित्र मला नको होतं. मी स्वतःला सांगितलं, दोनच महिने, लग्न ठरेपर्यंत, मग आणू परत. लग्न तिथेच ठरलं, झालं, आणि मी तुम्हाला आणलं नाही. चौदा महिन्यांनी काकांचा फोन आला, साध्या तापानं गेलात म्हणून. तुम्ही आधीच सांगितलं होतंत, परत यायचा न्हाई.

माझ्या नवऱ्याला मी हे लग्नानंतर बारा वर्षांनी सांगितलं. भाजी निवडता निवडता सांगितलं, मान वर न करता. त्यानं माझ्यासमोरची जुडी स्वतःकडे ओढली. मग म्हणाला, "अगं, माझी काकू आयुष्यभर गोळ्यांवर होती. आमच्याच घरात राहायची, आम्हा सगळ्यांना तिनंच वाढवलं. आम्ही काय राक्षस होतो का?" त्याला मला बरं वाटावं म्हणून बोलायचं होतं की दुखावं म्हणून, ते मी विचारलं नाही. तुम्ही त्या कोपऱ्यात बसला असतात तर माझी सासू तुमच्या हातात कप धरून बसली असती. एवढंच झालं असतं.

आता हसणाऱ्या बाईचं सांगते. ती तळवलीची, सुकी मासळी विकायची. नवरा नाही, मूल नाही, गावातल्या जुन्या घरात एक खोली आहे तिची. भाऊ घणसोलीला फ्लॅटमध्ये राहतो, माणूस मायेचा आहे, दर दोन दिवसांनी तिला सुरमईचं कालवण घेऊन येतो. दीड महिन्यापूर्वी तिला सोडायचं ठरलं. भाऊ म्हणाला, माझ्याकडे नेतो. तिनं माझ्या वहीत लिहायला सांगितलं, "भावाचे घरा नको. मना माझे खोलीन जावाचा हाय." मी लिहिलं, वाचून दाखवलं, ती म्हणाली, हो, हेच. पण खरं सांगू? मला भावाचंच पटत होतं. तिथे वहिनी वेळेवर गोळ्या देईल, गरम जेवण मिळेल, एकटीनं त्या खोलीत ही काय करणार?

मीटिंगमध्ये डॉक्टरांनी तिला विचारलं आणि ती गप्प. पायाचा अंगठा फरशीवर घासत बसली. भाऊ म्हणाला, "सर, ती काय बोलणार, मी सांगतो ना." मी म्हटलं, "थांबा दादा. त्यांचं बोलून व्हायचंय अजून." पुन्हा गप्प. पंखा फिरतोय, बाहेर कुणाचा तरी मोबाइल वाजतोय. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही तर रोज बघता यांना. तुम्हाला काय वाटतं?" आई शप्पथ सांगते अण्णा, वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. भावाकडे बरं पडेल. तेव्हाही असंच तयार होतं. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि म्हटलं, "माझं वाटणं इथे चालत नाही, डॉक्टर. आपण थांबूया." थांबलो. किती वेळ ते माहीत नाही, माझे हात दुखायला लागले. मग ती बाई मान वर करून स्वतःच्या तोंडानं म्हणाली, "मना माझे खोलीन सोडा." डॉक्टरांनी मान्य केलं, आठवड्याला नर्स येऊन बघेल म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पदर धरून रडले. आनंदानं नाही. मला कळलं की फक्त एवढंच करायचं होतं. थोडा वेळ धरून ठेवायचं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. ती बाई आज परत आलीये. तीन आठवडे ठीक होती, मग गोळ्या टाकून दिल्या, मग नर्सला दार उघडेना. आज सकाळी भावानं तिला आणलं आणि कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला, "तुमी भरीला घातलं तिला! आता बघा! तुमचं काय जातं?" हे मला ऐकवलं. मला, अण्णा, तुमच्या वकिलिणीला. तो चुकीचाच आहे असं मला अजूनही म्हणता येत नाही. मी तिच्या खाटेजवळ जाऊन बसले आणि विचारलं, माझा राग आलाय का. ती म्हणाली, "तुझा कशाला? मी बोललू, मी परलू. पुढचे टायमाला पन मीच बोलन." म्हणजे बोललेही मीच, पडलेही मीच. आणि मग तिनं ते विचारलं, तुझा कोन होता गो इथं.

तर आता आईचं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली, सीवूड्सला आमच्याकडेच असते. गॅस बंद केला का ते विसरते, माझ्या मुलीला माझ्या नावानं हाक मारते. एक गोष्ट मात्र विसरत नाही. त्या दिवशी ती गोळ्यांची पुडी घेऊन खिडकीवरून आली तेव्हा मी तिला सांगितलं, अण्णाच म्हणाले, गावी जातो. तिनं विचारलं, "त्ये म्हणाले? सोताच?" मी म्हटलं, हो. पुडी तिच्या हातात तशीच राहिली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. गावी तुम्हाला भेटायला ती दोनदाच आली, लांब उंबऱ्याजवळ बसली आणि उठून गेली, तुम्हालाही आठवत असेल. लग्नानंतर मी एकटी आले तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "आई बरी हाय का? ती येत न्हाई." मी म्हटलं, कामं असतात तिला. कामं! तिला वाटत होतं, तुम्हाला तिचं तोंड बघायचं नाहीये. डोळ्यासमोर नको म्हणून ती ओरडली होती, म्हणून तुम्ही तिला सोडून निघून गेलात असं ती इतकी वर्षं धरून बसलीये. आज चहा पितानाही म्हणाली, "त्यांना माज्याजवळ ऱ्हायचं नव्हतं गं." रडली वगैरे नाही. बसचा नंबर सांगावा तसं सांगते. आणि मी दर वेळी म्हणते, जाऊ दे आई, जुनं झालं.

दुसऱ्यांची वाक्यं मी उन्हातान्हात पोचवत फिरते, काना-मात्रा न बदलता. तुमचं मात्र एक अजून माझ्याकडे आहे, आणि ते डॉक्टरला सांगायचं होतं एवढंच नव्हतं. 'हिच्याजवळ' असं तुम्ही म्हणाला होतात, तिच्याकडे बघून, ती रांगेत पाठमोरी उभी असताना. आता वर मी ते तुमच्याच शब्दांत लिहून ठेवलंय, वॉर्डात लिहिते तसं. "हो, हेच" म्हणायला तुम्ही नाही, पण ऐकायला ती आहे. आत पलंगावर बसून मेथी निवडतेय, मला इथून तिचे हात दिसतायत. उठून चार पावलं जायचं आणि वाचायचं. तिला सांगितलं तर ती सुटेल, आणि मग बहुतेक माझं तोंड बघणार नाही. शेवटची काही वर्षं राहिलीत तिची, कदाचित तेवढीही नाहीत. उद्या तिला मी कोण तेच आठवलं नाही तर?

आत्ताच तिनं आतून विचारलं, "काय लिहिती गं मगासधरनं?"

मी म्हटलं, कामाचं आहे, आई.